आठ फुप्फुसं आणि एक मथळा

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या आरोग्य व विज्ञान विभागांच्या संपादकांस,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. मला फोन येतात ते रिपोर्ट झाला का, उपाशीपोटी यायचं का, एवढ्यापुरते. पण २०२५ च्या फेब्रुवारीत आठवडाभर वेगळेच फोन येत होते. ‘मॅडम, नवीन कोरोना आलाय म्हणे. माणसाच्या रिसेप्टरला चिकटतो म्हणे. मास्क आणून ठेवायचे का?’ विचारणाऱ्यांत एक माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षकही होते.

झालं होतं एवढंच. वटवाघळांत सापडणाऱ्या एचकेयू-५ या कोरोनाविषाणूंच्या गटातला एक विषाणू माणसाच्या पेशींवरच्या एसीई-२ या प्रथिनाला धरू शकतो (कोविडचा विषाणूही याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो; विषाणूच्या अशा दारालाच रिसेप्टर म्हणतात), असं वुहानच्या संशोधकांनी ‘सेल’ या नियतकालिकात मांडलं होतं. प्रयोग होते ते प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे. या विषाणूची पकड कोविडच्या विषाणूपेक्षा बरीच ढिली आहे, हेही त्यांनीच लिहिलं होतं. लागण झालेला एकही माणूस त्या अभ्यासात नव्हता. बातमीत मात्र रिसेप्टर आला, वटवाघूळ आलं, वुहान आलं आणि लाल पट्टी आली.

तुम्ही म्हणाल, एका आठवड्याच्या फोनांवरून एवढं मोठं पत्र कशाला? कारण माझ्या टेबलाच्या खणात एक कात्रण आहे. मार्च २०२० मधलं. कोणत्या वर्तमानपत्राचं ते लिहीत नाही, कारण त्या दिवसांत तसा मजकूर अनेकांनी छापला आणि छापला नाही त्यांनी व्हॉट्सॲपवर वाचला. मथळ्याचा अर्थ असा, की रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरात कोरोनाचे ‘दरवाजे’ वाढतात का? शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पण आमच्या घरांत मथळ्यातलं प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही.

माझी मामी अकरा वर्षं रोज सकाळी टेल्मिसार्टन घ्यायची. कात्रण तिनेच कापून ठेवलं होतं. लॉकडाऊन लागला, दवाखान्यात जायची चोरी, आणि तिने कोणाला न विचारता गोळी बंद केली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाकरी थापता थापता तिचा उजवा हात जड झाला. प्रेशर २१० वर ११६. झटका हलकाच होता, मामी वाचली, चालते-फिरते. भाकरी तेवढी तिला आता थापता येत नाही. कोरोना तिला आजतागायत झालेला नाही.

ती बातमी खोटी नव्हती, म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. तिच्या मुळाशी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात ११ मार्चला आलेलं छोटंसं पत्र होतं. त्यातला तर्क असा: विषाणू एसीई-२ ला धरून पेशीत शिरतो, प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत रक्तदाबाच्या विशिष्ट औषधांनी एसीई-२ वाढलेलं दिसलंय, म्हणजे ही औषधं घेणाऱ्यांना धोका जास्त असू शकेल. लेखकांनी तो अंदाज म्हणूनच मांडला होता. दोनच दिवसांत, १३ मार्चला, युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गोळ्या बंद करू नका, या भीतीला पुरावा नाही, असं जाहीर केलं. पाठोपाठ अमेरिकेतल्या संघटनांनीही तेच सांगितलं. तो खुलासा आमच्या गावापर्यंत पोचला नाही. पोचला असेल तर सातव्या पानाच्या तळाशी असावा, जिथे आमच्याकडे डब्याखाली घालायचा कागद कापतात.

खरं तर तर्क उलट्या बाजूनेही करता आला असता. एसीई-२ शरीरात विषाणूसाठी दार म्हणून बसवलेलं नाही. रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ तोडून त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारा तुकडा तयार करणं, हे त्याचं काम. विषाणू आत शिरताना त्यालाही सोबत ओढून नेतो, म्हणजे हे काम मंदावतं. मग ते थोडं वाढवणारं औषध उपकारकच ठरेल, असंही म्हणता येतं, आणि काही संशोधक तसं म्हणतही होते. एकाच जनुकावरून दोन उलट निष्कर्ष निघत असतील तर माणसांवर पाहण्याला पर्याय नसतो. ब्राझीलमध्ये ते पाहिलं गेलं. कोविडने दाखल झालेले आणि या गोळ्या आधीपासून घेणारे ६५९ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाच्या गोळ्या महिनाभर थांबवल्या, दुसऱ्याच्या चालू ठेवल्या. महिन्याअखेर दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक नव्हता. सविस्तर निकाल जानेवारी २०२१ मध्ये छापून आला.

आता ‘जीन एक्स्प्रेशन’ या शब्दाकडे येते. तुमच्या बातम्यांत तो ‘जनुकीय अभिव्यक्ती’ होऊन येतो आणि वाचणाऱ्याला कवितेसारखं काहीतरी वाटतं.

एखादं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. मेन्यूकार्ड सगळ्या टेबलांवर एकच असतं; तो झाला डीएनए. आपल्या नाकातल्या, आतड्यातल्या, मूत्रपिंडातल्या पेशींकडे तेच कार्ड आहे. कोणत्या टेबलावरून काय मागवलं गेलं, हे वेटरने लिहिलेल्या चिठ्ठीवरून कळतं. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए, आणि कोणत्या पेशीत कोणत्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या निघतात, ते जीन एक्स्प्रेशन. आणि टेबलावर येऊन बसलेला पदार्थ म्हणजे प्रथिन. विषाणू चिकटतो तो पदार्थाला. आपण बहुतेक वेळा मोजतो त्या चिठ्ठ्या, कारण त्या मोजायला सोप्या आणि स्वस्त. चिठ्ठ्या दहा गेल्या म्हणून पदार्थ दहाच आले, असं नसतं. कधी स्वयंपाकघरातच अडकतात, कधी एका चिठ्ठीवर चार प्लेटा येतात.

चिठ्ठी वाचण्यातही फसगत होते. २०२० च्या एप्रिलमध्ये एक धक्कादायक गोष्ट पुढे आली होती. विषाणू आला की शरीर इंटरफेरॉन सोडतं, आसपासच्या पेशींना सावध करायला. त्या इंटरफेरॉननेच एसीई-२ चं जनुक जास्त चालू होतं, असं पेशींच्या मोजणीत दिसलं. म्हणजे शरीर स्वतःच शत्रूला जास्त दारं उघडून देतंय! भीती रास्त होती, कारण इंटरफेरॉन उपचार म्हणून देऊन पाहणं तेव्हा चालूच होतं. काही महिन्यांतच दोन-तीन गटांनी शोधून काढलं, की इंटरफेरॉनने वाढते ती अख्ख्या एसीई-२ ची चिठ्ठी नव्हेच. ती एका आखूड रूपाची चिठ्ठी. एसीई-२ मध्ये ८०५ अमिनो आम्लं असतात, त्यातली सुरुवातीची ३५६ या आखूड रूपात नसतात, आणि विषाणूचा स्पाइक (त्याच्या अंगावरचं काट्यासारखं प्रथिन) पकडतो तो भाग नेमका त्या सुरुवातीत आहे. दार वाढलंच नव्हतं.

मग मोजणारे चुकले कसे? एकेका पेशीतल्या चिठ्ठ्या मोजायच्या ज्या पद्धती सर्रास वापरतात, त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठीचं फक्त शेपूट वाचतात. हॉटेलातच राहायचं तर, चिठ्ठीवरचा शेवटचा शब्द ‘पाव’ एवढाच वाचायचा. मिसळपाव असो की वडापाव, मोजणीत दोन्ही सारखेच. संध्याकाळी वडापाव वाढले आणि आपण सांगत सुटलो की गाव मिसळीवर तुटून पडलंय.

हे प्रकरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण यात लबाडी कोणीच केलेली नाही. आकडा खरा होता, त्याचं नाव चुकलं होतं.

मथळ्यात म्हटलेल्या आठ फुप्फुसांची गोष्ट यापेक्षा साधी आहे आणि जास्त लाजिरवाणी. जानेवारी २०२० च्या अखेरीस, अजून कोणी तपासलेलं नाही अशा मसुद्याच्या रूपात, एक अभ्यास इंटरनेटवर आला. आठ दात्यांच्या निरोगी फुप्फुसांतल्या पेशी, आणि त्यांतल्या कोणत्या पेशींत एसीई-२ ची चिठ्ठी सापडते याची मोजदाद. मुख्य निष्कर्ष चांगला होता: अशा पेशी अगदी थोड्या, शंभरात एकही भरत नाही, आणि त्यांतल्या बहुतेक वायुकोशातल्या ‘टाइप-२’ जातीच्या. पण आठांत एक दाता आशियाई होता, पुरुष. त्याच्यात हे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट निघालं. एक माणूस! त्याने आदल्या महिन्यात काय घेतलं, सिगरेट ओढायचा का, फुप्फुसाचा तुकडा नेमका कुठून काढला, यांतल्या कशानेही आकडा हलू शकतो. तरी जगभर बातमी फिरली, की आशियाई पुरुषांना हा रोग जास्त धरतो. पुढे मोठ्या संख्येने नमुने तपासले गेले तेव्हा वंशाचा असा फरक दिसला नाही. धूम्रपानाचा दिसला.

आपल्याकडे उन्हाळ्यात सूर पालटला. आता भारतीयांचं रक्तच वेगळं, आपली जनुकं दणकट, हळद आणि ऊन आहेच. मग २०२१ चा एप्रिल आला. ऑक्सिजनच्या रांगा तुम्हीच दाखवल्यात, त्यावर मी काय लिहू?

‘भारतीयांच्या शरीरात रिसेप्टर कमी’ किंवा ‘जास्त’ असं कोणी पाठवलं तर एक गोष्ट आठवा. कोणत्या अवयवात कोणतं जनुक किती चालतं, याचा जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा संग्रह अमेरिकेतला जीटेक्स. त्यातले सुमारे ८५ टक्के दाते गोरे आहेत. आपल्या जिनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जिनोम वाचले, ते मोलाचं कामच आहे. पण ते मेन्यूकार्ड. चिठ्ठ्या वाचायला अवयवाचा तुकडा हातात लागतो, आणि त्यासाठी कोणाच्या तरी नातेवाइकांनी दुःखाच्या घटकेला ‘हो’ म्हणावं लागतं.

फुप्फुसांबद्दल अजून थोडं, कारण माझा जीव त्यात गुंतलेला आहे. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी चालवलेला ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलस’, म्हणजे कोणतं प्रथिन कोणत्या अवयवात कुठे आहे ते दाखवणारा चित्रसंग्रह, इंटरनेटवर फुकट बघता येतो. तुमच्या वार्ताहराला दहा मिनिटं मोकळी असतील तर त्याने तिथे एसीई-२ उघडावं. आधी मूत्रपिंडाची चकती पाहावी. निळसर पेशींच्या गोल-गोल नळ्या आणि काही नळ्यांच्या आतल्या काठाला तपकिरी रेघ, चहाच्या कपात आतून डाग राहतो तशी. ते एसीई-२. मग लहान आतडं पाहावं: बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांना गर्द तपकिरी किनार. मग फुप्फुस उघडावं, आणि शोधत बसावं. जवळजवळ काही नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही चक्रावले होते. ज्या रोगाने माणसं श्वास लागून गेली, त्याचा रिसेप्टर फुप्फुसात दिसत नाही आणि पित्ताशयात दिसतो? याचं उत्तर कोणत्याही एका आकड्यात नाही. विषाणू हवेतून येतो, म्हणून पहिली गाठ नाकाशी पडते, आणि नाकातल्या केसाळ नि चिकट स्राव करणाऱ्या पेशींत एसीई-२ बऱ्यापैकी चालू असतं. नाकाकडून खाली फुप्फुसाकडे जावं तसं ते कमी होत जातं. वायुकोशात उरतात त्या मूठभर टाइप-२ पेशी. पण वायुकोश मिटू न देणारा साबणासारखा पदार्थ त्याच बनवतात आणि मोडलेली भिंतही त्याच पुन्हा बांधतात. गावात गवंडी दोनच असतात आणि नेमके तेच आजारी पडतात, तशातली गत. त्यावर प्रतिकारशक्तीचा उद्रेक. मूत्रपिंडात दारं पुष्कळ, पण विषाणू आधी तिथवर पोचायला हवा.

दार आहे म्हणून चोर येतोच असं नाही आणि आलेला प्रत्येक चोर घर लुटतोच असंही नाही. याचं हाताशी असलेलं उदाहरण एनएल-६३. हाही कोरोनाविषाणू, २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये एका सात महिन्यांच्या बाळात सापडलेला. तोही हेच एसीई-२ वापरतो. आणि बहुतेकांना करतो काय, तर सर्दी.

दुसऱ्या जनुकाचं नाव मराठी बातम्यांत मी क्वचितच पाहिलंय, आणि त्याची किंमत आपण पुरेपूर मोजली आहे. टीएमपीआरएसएस-२. हे एक कात्रीसारखं प्रथिन, पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसतं. स्पाइक एसीई-२ ला धरतो, मग ही कात्री स्पाइकला छेद देते आणि विषाणू तिथल्या तिथे आत जातो. कात्री नसेल तर त्याला लांबचा रस्ता: पेशी त्याला एका पिशवीत गिळते, पिशवीतलं आम्ल वाढतं, आणि तिथली दुसरी कात्री काम करते.

आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाची गोळी आठवा. प्रयोगशाळेत ते विषाणूला अडवतं, असं सुरुवातीला दिसलं होतं. प्रयोग होते व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढून वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशींवर. त्यांत एसीई-२ आहे, पण टीएमपीआरएसएस-२ ची ही कात्री नाही. म्हणजे विषाणू पिशवीच्या रस्त्यानेच जाणार, आणि पिशवीतलं आम्ल कमी करणं हेच तर या गोळीचं काम! जुलै २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तोच प्रयोग माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर केला, ज्यांत कात्री होती. गोळीचा परिणाम नाही. माणसांवरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने जूनमध्येच फायदा नसल्याचं सांगितलं होतं.

मधल्या काळात आपण काय केलं? आयसीएमआरच्या कृतिदलाने २२ मार्चला आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंध म्हणून ही गोळी सुचवली. बातमी येताच लोकांनी मेडिकलची दुकानं रिकामी केली. चार दिवसांत सरकारला तिची विक्री शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या बंधनात आणावी लागली. आमच्या गावात ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) एक मुलगी आहे, या गोळीवरच तिचं बरं चाललेलं. तिचे वडील तीन तालुके फिरले. एका जनुकाची चिठ्ठी कोणत्या पेशीत आहे आणि कोणत्या नाही, हा प्रश्न असा येऊन एखाद्याच्या मोटारसायकलवर बसतो.

हेच जनुक पुढे ओमायक्रॉनच्या वेळी उपयोगी पडलं. ओमायक्रॉनचा स्पाइक एसीई-२ ला छान धरायचा, पण या कात्रीवर कमी विसंबायचा. श्वासनलिकेत झपाट्याने वाढायचा, खोल फुप्फुसात तेवढा नाही. तोच रिसेप्टर, स्वभाव निराळा.

मी नुसतीच कुरकुर करतेय असं वाटू नये, म्हणून ज्यात हे शास्त्र नीट वापरलं गेलं ती गोष्ट सांगते. दुसऱ्या लाटेत माझा वास गेला. हिंगाची डबी नाकाला लावली तरी काही नाही. फोडणी जळाली हे धूर डोळ्यांत गेल्यावर कळलं. तेव्हा भीती अशी होती, की विषाणू वासाच्या चेतापेशी खातो आणि त्या वाटेने मेंदूत जातो. पण २०२० च्या जुलैमध्येच, नाकाच्या वरच्या भागातल्या एकेका पेशीतलं आरएनए पाहून, हार्वर्डच्या एका गटाने मांडलं होतं, की वास ओळखणाऱ्या चेतापेशींत एसीई-२ चालू नसतं. त्यांना टेकू देणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या शेजारच्या आधारपेशींत असतं. मार तिथे बसत असावा. हा अंदाजच होता, आणि कोणी तरी तो ऊतींत तपासायला हवा होता. बेल्जियममध्ये डॉक्टरांनी कोविडने गेलेल्या रुग्णांच्या नाकातलं अस्तर, मृत्यूनंतर लगेच, खाटेपाशीच काढून घेतलं. विषाणू सापडला आधारपेशींत. चेतापेशींत नाही. २०२१ च्या अखेरीस ते छापून आलं. (आपल्याकडे त्या काळात सरकारी सूचनांचा भर मृतदेहाची चिरफाड टाळण्यावर होता. संसर्गाची भीती होती, हे समजतं. पण एक पॅथॉलॉजिस्ट म्हणून ती रुखरुख आहेच.)

मला पाचव्या आठवड्यात पहिला वास आला तो फिनेलचा. आधारपेशी पुन्हा उगवतात, हे तोवर वाचलं होतं, म्हणून त्या पाच आठवड्यांत मी झोपू शकले. बातमीने हेही करता येतं.

तुमच्याकडे वेळ नसतो, माणसं कमी असतात, हे मला माहीत आहे. म्हणून लांबलचक आचारसंहिता मागत नाही. रिसेप्टरची बातमी आली की पाठवणाऱ्याला विचारा: किती माणसांत पाहिलं, चिठ्ठी मोजली की पदार्थ, आणि कुठल्या पेशीत? उत्तर ‘आठ’, ‘चिठ्ठी’ आणि ‘माकडाचं मूत्रपिंड’ असं आलं, तरी बातमी छापा. फक्त हे तिन्ही पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. कुठल्याही औषधाचं नाव असेल तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका’ ही ओळ मथळ्याखाली टाका, शेवटी नको. शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. आणि खुलासा आला तर मूळ बातमी होती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत.

शंका आली तर मला विचारा, दुपारी तीन ते पाच मी मोकळी असते. माझ्याहून जाणकार माणसं पुण्यात आणि मुंबईत ढिगाने आहेत, तीही फोन उचलतील.

ब्राझीलच्या त्या ६५९ रुग्णांचा निकाल आला, तेव्हा मी तो चार ओळींत मराठीत लिहून मामीच्या फ्रिजवर चिकटवला. टेल्मिसार्टन ती आता चुकवत नाही. कागद पिवळा पडलाय आणि एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे, पण मजकूर अजून छापण्याजोगा आहे. हवा असेल तर फोटो काढून पाठवते.

आपली नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट,
सांगली जिल्हा